नकाशा माझा, रिमोट दादाचा

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली आणि गेल्या मे महिन्यात चंद्रपूरच्या घरचा माळा उपसायला काढला. म्हणजे खरं तर मी गेले होते दुसऱ्याच कामाला. दादाचा फोन आला होता, ‘‘हक्कसोडपत्र तयार करून ठेवलं आहे. एकाच्या नावावर घर असलं म्हणजे बँक कर्ज देते, डागडुजी करता येते. फॉर्मॅलिटी आहे गं, तू येऊनच राहिली तं सही करून जा.’’ मी ‘‘बरं’’ म्हटलं. आपण म्हणतोच ना ‘‘बरं’’, मैत्रिणींनो? वडसा ते चंद्रपूर प्रवासात त्या कागदाचा मी फारसा विचारही केला नव्हता.

माळ्यावर पितळी बंब होता, बाबांच्या डायऱ्या होत्या, आणि साबणाच्या रिकाम्या खोक्यात, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं ते काळं यंत्र. सेगा मास्टर सिस्टिम. त्याच्याबरोबर दोन रिमोट, एक काडतूस म्हणजे गेमची काळी डबी, आणि माझी आठवीतली चौकटीची वही. वहीवर माझ्या गोल गोल अक्षरात लिहिलेलं, ‘फँटसी स्टार. हात लावू नये.’

त्या वहीनं मला तिथंच माळ्यावर खाली बसवलं.

ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ आठवत असतील. एका काडतुसात म्हणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम! खरे निघायचे दहा-बारा, बाकी तेच ते परत परत. आमचं यंत्र मात्र त्यातलं नव्हतं. ते मस्कतला नोकरी करणाऱ्या मामानं १९९२ च्या उन्हाळ्यात आणलं. आपल्याकडे असलं यंत्र दुकानात मिळणं दुर्मीळच होतं. सेगाचं पुढचं यंत्र, मेगा ड्राइव्ह, १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीनं भारतात आणलं तेव्हा त्याची किंमत १८ हजार रुपये होती. मामा फुकट देऊन गेला म्हणून आमच्याकडे आलं, एवढंच.

यंत्र आलं ते दादासाठी. असं कुणी बोललं नाही, पण तसंच होतं. मामानं माझ्यासाठी सेंटची बाटली आणि चमकीचं कापड आणलं होतं. दादा पलंगावर रिमोट घेऊन बसायचा आणि मी खाली चटईवर. दुसरा रिमोट होता, पण हा गेम एकट्यानं खेळायचा. मग मी काय करायचं? दादानं काम दिलं, ‘‘तू वाट लक्षात ठेव.’’

आता हा गेम कसा होता ते सांगते, नाहीतर माझी वही तुम्हाला कळायची नाही. यात पळापळ, उड्या, धडाधड गोळ्या नाहीत. एक मोठी गोष्ट असते आणि त्या गोष्टीतलं एक पात्र तुम्ही व्हायचं. गावात फिरायचं, लोकांशी बोलायचं, कोण काय सांगतं ते ध्यानात ठेवायचं. राक्षस समोर आला की सोंगट्यांच्या डावासारखं, आधी आपली खेळी मग त्याची. जिंकलं की अनुभव वाढतो, पैसे मिळतात. त्या पैशात ढाल घ्यायची की औषधपाणी, हे महिन्याच्या किराण्यासारखं ठरवावं लागतं. जखमा भरायला काय घ्यायचं माहीत आहे? इंग्रजी आवृत्तीत चक्क कोला आणि बर्गर! तेव्हा चंद्रपुरात बर्गर कुणी पाहिला होता? आम्ही त्याला पावभाजीतला पाव समजायचो.

आणि या गोष्टीची नायिका एक मुलगी होती. अ‍ॅलिस तिचं नाव.

गोष्ट सुरू होते तीच तिच्या भावाच्या मरणानं. लासिक नावाचा राजा जुलमी झालेला असतो. त्याचे शिपाई अ‍ॅलिसच्या भावाला, नीरोला, भररस्त्यात मारतात. मरता मरता तो तिला सांगतो, ओडिन नावाच्या वीराला शोध. ती उठते, तलवार घेते आणि निघते. तीन ग्रह पालथे घालते. पाल्मा हा हिरवागार, मोटाव्हिया वाळवंटाचा, डेझोरिस बर्फाचा. दादाला हे खटकायचं. मित्र आले की तो म्हणायचा, ‘‘हिरो ओडिनच आहे, ही तं फक्त सुरुवातीला आहे.’’ खोटं होतं ते. ओडिन तर बिचारा मेदुसाच्या गुहेत दगड होऊन उभा असतो, त्याला सोडवायला हीच जाते.

हा गेम जपानमध्ये २० डिसेंबर १९८७ ला आला. त्याच्या आदल्या वर्षी ‘ड्रॅगन क्वेस्ट’नं तिकडे वेड लावलं होतं, आणि ‘फायनल फँटसी’ याच्या फक्त दोन दिवस आधी, १८ तारखेला आली. अशा गर्दीत सेगानं मुलीला नायिका केलं. त्यामागं कोण होतं हे मला तीस वर्षांनी, लेकीच्या फोनवर शोधताना कळलं. अ‍ॅलिसला जिनं रेखाटलं तीही एक बाई. रिएको कोदामा, जन्म १९६३, सेगात १९८४ ला लागल्या. गोष्ट लिहिली चिएको आओकी यांनी, म्हणजे तीही बाईच. पण गेमच्या शेवटी नावं येतात त्यात कोदामांचं नाव ‘फीनिक्स रिए’ असं टोपणनावानं आहे. त्या काळी जपानी कंपन्यांमध्ये गेम बनवणारे पुरुषसुद्धा टोपणनावांनीच झळकायचे. पुढं त्यांनी याच मालिकेचा चौथा भाग दिग्दर्शित केला, २००० साली ‘स्काईज ऑफ आर्केडिया’ची निर्मिती केली, आणि २०१९ मध्ये अमेरिकेत त्यांना या क्षेत्रातला पायोनियर पुरस्कार मिळाला. ९ मे २०२२ ला त्या गेल्या. जगाला ते कळायलाही काही महिने लागले.

तर माझी वही. फँटसी स्टारमधल्या गुहा आतून दिसायच्या. म्हणजे आपण स्वतः भुयारात उभे आहोत आणि भिंती अंगावर येताहेत, अशा. पाऊल टाकलं की भिंत सरकायची, वळलं की कोपरा फिरायचा. हे भुयार बसवलं युजी नाका यांनी, ज्यांनी पुढं १९९१ चा ‘सॉनिक’ बनवला. सगळा गेम मिळून ४ मेगाबिट, म्हणजे ५१२ केबी. आज तुमच्या फोनमधला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. पण नकाशा त्यात कुठंच नव्हता. सगळ्या भिंती सारख्या. दोनदा वळलं की दिशा गेली. त्यात मध्येच खड्डे, पाय पडला की खालच्या मजल्यावर धपकन. दादा तीन मिनिटांत हरवायचा आणि चिडायचा.

मी हरवत नव्हते. त्याचं कारण आजी.

आमची आजी आरमोरीकडच्या एका लहान गावातली. मोहाच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे ती मला टोपली देऊन रानात न्यायची. तिची एक शिकवण होती. प्रत्येक वळणावर थांबायचं आणि मागं वळून पाहायचं. ‘‘जाताना दिसते ते रान वेगळं, येताना दिसते ते वेगळं. येतानाचं आताच पाहून ठेव.’’ एक फांदी, एक वारूळ, एक कलता ऐन, असं काहीतरी खूण म्हणून धरायचं. (आता त्या वाटांवर एकट्यादुकट्या बाईनं मोह वेचायला जाणं म्हणजे जिवावरचा खेळ झाला आहे. वाघाच्या बातम्या तुम्ही वाचताच.) मी दादाला तेच करायला लावलं. प्रत्येक वळणाला म्हणायचे, ‘‘थांब, मागं फिरव.’’ तो वैतागायचा, पण फिरवायचा. एक पाऊल म्हणजे एक चौकट. दाराला काट, खड्ड्याला गोल, पेटीला फुली. तसेही आम्ही परकोटाच्या आतली मुलं. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे, बगड, हनुमान, मसण, विठोबा आणि चोर या पाच खिडक्या. गोंड राजांच्या या गावात गल्लीबोळ पाठ असल्याशिवाय शाळेतून वेळेवर घरी पोचता येत नसे.

वही पुढं भरत गेली. इंग्रजी शब्दही त्यातच. कोण काय बोललं ते मी खिशातल्या शब्दकोशात पाहून मराठीत लिहायचे. आठवीत इंग्रजीत माझे मार्क वाढले त्याचं श्रेय बाबांनी शिकवणीच्या मास्तरांना दिलं. असो.

दिवे जायचे ते वेगळंच. वीज आमच्या गावात तयार होते, महाऔष्णिक केंद्राच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात, आणि ऐन रंगात आलं की दिवे गुल! पण या काडतुसात एक सोय होती. आत घड्याळात असते तशी नाण्याएवढी बॅटरी. गेम खोडता न येणाऱ्या चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो, पण आपण कुठवर पोचलो ते दुसऱ्या एका चिपमध्ये राहतं आणि तिला सतत थोडी वीज लागते. यंत्र बंद झालं तरी ती बॅटरी तेवढी आठवण जागी ठेवते. अशा पाच जागा होत्या. पाचही दादानं आपल्याच नावानं भरल्या होत्या. मी एकदा एक मागितली तर म्हणाला, ‘‘तुले काय करायची? तू तं नकाशा काढते.’’

१९९५ मध्ये दादा इंजिनीअरिंगला नागपूरला गेला. गेम लासिकच्या हवेतल्या महालापर्यंत येऊन थांबला होता. मी यंत्र जोडायला घेतलं तर आई म्हणाली, तुझी पुढच्या वर्षी दहावी आहे. त्या दिवशी ते फडक्यात बांधलं गेलं. दादानं मात्र पुढं आयुष्यभर सांगितलं, ‘‘फँटसी स्टार आपण संपवला होता.’’ मी त्याला कधी खोडलं नाही.

मे महिन्यात सहीचं काम झालं नाही, कारण त्या दिवशी निबंधक कार्यालयात सर्व्हर बंद होता. दादा म्हणाला, पावसाळ्यानंतर पाहू. मी यंत्र घेऊन वडशाला आले, आणि आईलाही घेऊन आले. तिचे गुडघे फार दुखत होते, म्हटलं दोन महिने माझ्याकडे राहा.

नव्या टीव्हीला काही ते यंत्र लागेना. आमच्या ह्यांनी टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे धूळ खात पडलेला एक जुना डबा टीव्ही आणला. दोन तास चॅनेल फिरवल्यावर मुंग्यांमधून एकदम निळा पडदा आला आणि ते संगीत वाजलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘हे तं आपल्या घरचं गाणं होय!’’ तीन वर्षं ते गाणं भाकरी थापताना तिच्या कानावर होतं, आणि आम्हाला वाटायचं ती वैतागलेली आहे.

दादाच्या पाचही जागा कोऱ्या होत्या. बॅटरी केव्हाच मेली होती. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मुलानं काडतूस उघडून जुनी काढली, नवी सोल्डर केली. पैसे घेताना म्हणाला, ‘‘काकू, मुलासाठी का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही, माझ्यासाठी.’’ हे बोलायला मला पंचेचाळीस वर्षं लागली की काय, असं वाटून गेलं.

लेकीनं सांगितलं, हा गेम २०१८ मध्ये नव्या यंत्रासाठी परत काढलाय, त्यात नकाशा आपोआप निघतो. त्या मालिकेच्या निर्मात्यांत कोदामा होत्याच. सोय चांगली आहे, नव्या खेळणाऱ्यांसाठी हवीच. पण मला नको होती. माझ्याकडे वही होती.

मग रोज रात्री भांडी झाल्यावर एक तास. हातात रिमोट घेऊन पहिल्यांदा कळलं की दादा किती चुकीचं खेळायचा! लढाईत ‘बोला’ असा एक पर्याय आहे. दादानं तो कधी दाबलाच नाही. काही राक्षसांशी बोललं तर ते चक्क उत्तर देतात, एखादी माहिती सांगतात आणि निघून जातात. आईला हे फार आवडलं. शेजारी स्वेलो नावाची एक बाई राहते. अ‍ॅलिस दमून आली की ती तिला घरात घेते, विश्रांती देते, पैसे घेत नाही. आईनं तिचं नावच ‘आपली शेजारीण’ ठेवलं. मोटाव्हियावर एक व्यापारी बोलणारं मांजर विकायला बसलाय, म्याउ नावाचं. त्याला भरमसाट पैसे हवेत, पण लॅकोनियन धातूचं भांडं दाखवलं की तो मांजर देऊन टाकतो. ‘‘भांडेवालीचा उलटा धंदा!’’ आई म्हणाली. आणि तिथल्या गव्हर्नरची भेट हवी तर केक न्यावा लागतो. तो केक कुठं मिळतो? एका राक्षसांनी भरलेल्या अंधाऱ्या गुहेतल्या दुकानात! कचेरीत काम असलं की पेढ्यांचा पुडा नेणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटायचं नाही. झाडीपट्टीतलं नाटक रात्रभर पाहणाऱ्या माझ्या आईला तर राक्षस, राजा आणि उडतं मांजर यातलं काहीच परकं वाटलं नाही.

सगळंच चांगलं होतं असं नाही. तीच तीच लढाई पन्नासदा करावी लागते, पैसे साठवायला. मध्येच डुलकी यायची. मुलगी तर दोन दिवसांत कंटाळून उठून गेली. पण नकाशे! तेरा वर्षांच्या मुलीनं काढलेले नकाशे एका चौकटीनंही चुकले नव्हते. मेदुसाच्या गुहेत मी वहीवर बोट ठेवून चालत गेले, जिथं गोल काढला होता तिथं खड्डा होता. मला माझाच एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. दादा लासिकपर्यंत पोचला होता तो कुणाच्या जोरावर, हे तेव्हा कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

ऑगस्टच्या शेवटी, पावसाची झड लागली होती, लासिक पडला. मग गव्हर्नरच्या वाड्याखालचं भुयार, तिथला शेवटचा अंधार. दोनदा हरले, तिसऱ्यांदा जिंकले. आणि यापुढचं मला काहीच माहीत नव्हतं, कारण वही इथं संपत होती.

गव्हर्नर अ‍ॅलिसला सांगतो, तुझे वडील या राज्याचे राजे होते. हे तुझं आहे. राणी होऊन राज्य करशील? आणि पडद्यावर दोनच शब्द येतात, होय आणि नाही.

मी रिमोट धरून बसून राहिले. पाऊस वाजत होता. आईला मी मराठीत सांगितलं तो काय विचारतोय. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘‘मले तं कोणी इचारलंच नाही, होय का नाही ते. माह्या सहीचा कागद तं त्यानं एप्रिलमध्येच नेला.’’

मला हे माहीतच नव्हतं. बाबांनी घर स्वतःच्या कमाईतून बांधलं आणि मृत्युपत्र केलं नाही. अशा घरात आई, दादा आणि मी, तिघांचा सारखा वाटा आहे हे मी वकिलाला फोन करून दुसऱ्या दिवशी विचारून घेतलं. हक्कसोडपत्र नोंदलं गेलं की मागं फिरणं फार अवघड, हेही त्यानं सांगितलं. आईचा कागद सही झालेला असला तरी नोंदलेला नव्हता.

त्या रात्री मी आधी ‘होय’ दाबलं. दुसऱ्या दिवशी सेव्ह केलेल्या जागेवरून परत सगळी लढाई लढून ‘नाही’ पण दाबून पाहिलं. दोन्हीकडे गोष्ट नीट संपते. ‘नाही’ म्हटलं म्हणून तिला कुणी नावं ठेवत नाही आणि ‘होय’ म्हटलं म्हणून कुणी हावरट म्हणत नाही. विचारलं जातं, एवढंच.

दादाला फोन केला. म्हटलं, आधी मिळकत पत्रिकेवर तिघांची नावं लागू दे, मग कर्जाचं बघू, मी जामीन राहीन. तो तडकला. ‘‘तुला काय कमी आहे वडशाला?’’ म्हणाला. वहिनींनी आठ दिवस फोन उचलला नाही. माझा भाऊ वाईट नाही, लबाडही नाही. त्याला खरंच ती फॉर्मॅलिटी वाटत होती. पण वाईट वाटायचं ते वाटलंच, त्यालाही आणि मलाही. राखीनंतरचे ते दिवस फार जड गेले.

गणपतीत त्याचा आपणहून फोन आला. वारस नोंदीचा अर्ज दिलाय म्हणाला, तिघांच्या नावानं. आवाज घुश्श्यातलाच होता. मग थोडं थांबून विचारलं, ‘‘ती संपवलास म्हणे. लासिकनंतर काय आहे गं?’’

मी म्हटलं, ‘‘दिवाळीला ये. सांगणार नाही, खेळावं लागेल. एक जागा तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे.’’

‘‘वही आहे ना पण?’’

‘‘आहे. मिळणार नाही.’’